जी. सी. ग्रीन : गॉडफ्लेशच्या आवाजाचा पाया

'हेवी मेटल' म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो गिटारवादक. बेस गिटार वाजवणारा बहुधा मागच्या रांगेत असतो. बर्मिंगहॅमच्या 'गॉडफ्लेश' या बँडने हा क्रम उलटा केला आणि त्याचे मोठे श्रेय बेसवादक जी. सी. ग्रीन यांना जाते.

बर्मिंगहॅम ही कारखान्यांची नगरी आणि 'ब्लॅक सबाथ'ची जन्मभूमी. ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात ग्रीन आणि गिटारवादक पॉल नेव्हिल हे 'फॉल ऑफ बिकॉज' या बँडमध्ये एकत्र होते. 'किलिंग जोक' या बँडच्या १९८१ मधील एका गाण्यावरून हे नाव घेतलेले होते. पुढे जस्टिन ब्रॉड्रिक त्यांच्यात ड्रमवादक म्हणून सामील झाले. मात्र हा बँड फार काळ टिकला नाही.

१९८८ मध्ये ग्रीन आणि ब्रॉड्रिक यांनी 'गॉडफ्लेश'ची स्थापना केली. ब्रॉड्रिक यांनी गिटार आणि गायन सांभाळले. ड्रमवादकाच्या जागी त्यांनी यंत्र आणले. त्या यंत्राचे ठोके कारखान्यातील घणासारखे एकसुरी पडत. गिटार कर्कश, विसंवादी सुरांचे थर चढवीत असे. अशा वेळी गाण्याची मुख्य चाल पेलण्याचे काम बऱ्याचदा ग्रीन यांच्या बेसकडे येई. त्यांचा स्वर मुद्दाम फाटलेला, खरखरीत आणि जडशीळ असे. वादनात चमत्कृती नाही, वेगाचे प्रदर्शन नाही. मोजके स्वर, पण प्रत्येक स्वर यंत्राच्या ठोक्याला धरून.

'अर्‌एक' या कंपनीने १९८९ मध्ये काढलेला 'स्ट्रीटक्लीनर' हा अल्बम इंडस्ट्रियल मेटलमधील मैलाचा दगड मानला जातो. त्यानंतर 'प्युअर' (१९९२), 'सेल्फलेस' (१९९४), 'साँग्ज ऑफ लव्ह अँड हेट' (१९९६), 'अस अँड देम' (१९९९) आणि 'हिम्स' (२००१) हे अल्बम आले. यंत्राऐवजी ड्रमवादक घेण्याचे प्रयोगही झाले. १९९६ मध्ये ब्रायन मॅन्टिया आणि २००१ मध्ये टेड पार्सन्स यांनी साथ दिली. बेस मात्र ग्रीन यांच्याकडेच राहिला.

ग्रीन यांचे महत्त्व त्यांच्या अनुपस्थितीत अधिक जाणवले. २००१ मध्ये ते बाहेर पडले. त्यांच्या जागी 'किलिंग जोक'चे पॉल रेव्हन यांच्यासारखा नामांकित वादक आला, तरी २००२ मध्ये ब्रॉड्रिक यांची मानसिक अवस्था ढासळली आणि बँड संपुष्टात आला. ब्रॉड्रिक यांनी 'जेसू' हा नवा बँड काढला.

२०१० मध्ये फ्रान्समधील 'हेलफेस्ट' महोत्सवात 'गॉडफ्लेश' पुन्हा रंगमंचावर आले, ते दोघा मूळ सहकाऱ्यांसह आणि त्याच यांत्रिक ठोक्यांसह. पुढच्याच वर्षी हॉलंडमधील 'रोडबर्न' महोत्सवात त्यांनी 'स्ट्रीटक्लीनर' संपूर्ण सादर केला. 'अ वर्ल्ड लिट ओन्ली बाय फायर' (२०१४), 'पोस्ट सेल्फ' (२०१७) आणि 'पर्ज' (२०२३) हे पुनरागमनानंतरचे अल्बम.

गाण्यांमागील विचार आणि शब्द ब्रॉड्रिक यांचे असले, तरी त्या इमारतीचा पाया ग्रीन यांच्या चार तारांवर उभा आहे. २००१ नंतरच्या घडामोडींनी तेच सिद्ध केले.