माँटिचेलोची दफनभूमि

शेतजमीन विकली म्हणजे तिच्यावरील विहीर, झाडें, गोठा हें सारें तिच्याबरोबर जातें. पूर्वजांच्या थडग्यांचें काय करावयाचें हा प्रश्न मात्र खरेदीखतानें सहजासहजीं सुटत नाहीं. आपल्याकडेहि शेताच्या बांधावर एखादी समाधि असते आणि नवा धनी तिला वळसा घालून नांगर नेतो. अमेरिकेच्या व्हर्जिनिया प्रांतांत गांवें विरळ आणि शेतें विस्तीर्ण; तेथील जमीनदार कुटुंबें आपलीं मृत माणसें आपल्याच शेतांत पुरीत. अशाच एका दफनभूमीची हकीकत आज श्रोत्यांपुढें मांडावयाची आहे.

टॉमस जेफर्सन हा अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष. माँटिचेलो ही त्याची टेंकडी. भोंवतीं सुमारें ५००० एकरांचा मळा. तरुणपणीं तो आणि त्याचा मित्र डॅब्नी कार तेथील एका ओक वृक्षाखालीं वाचीत बसत. दोघांपैकीं जो आधीं मरेल त्याला दुसऱ्यानें याच झाडाखालीं पुरावें, असा त्यांचा करार होता. पुढें कारनें जेफर्सनच्या बहिणीशीं लग्न केलें, आणि १७७३ सालीं, तिशी गांठण्यापूर्वींच, तो वारला. जेफर्सन तेव्हां परगांवीं होता. परतल्यावर त्यानें मित्राचें प्रेत पहिल्या जागेंतून काढवून ओकखालीं आणविलें. ८० फूट चौरस जागा दोन मजुरांनीं साडेतीन तासांत खणून साफ केली. त्या हिशेबानें एक एकर साफ करण्यास एका मजुराला ४९ तास लागतील, असें टिपण त्याच्या वहींत आहे. मित्रशोकांतहि हा हिशेब सुटला नाहीं! त्या दोन मजुरांचीं नांवें मात्र टिपणांत नाहींत.

पुढें पत्नी व एक मुलगी तेथेंच विसावल्या. जेफर्सन स्वतः ४ जुलै १८२६ रोजीं वारला. थडग्यावरील लेख त्यानें आधींच लिहून ठेविला होता: स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा आणि व्हर्जिनियाच्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा कर्ता, व व्हर्जिनिया विद्यापीठाचा जनक. राष्ट्राध्यक्षपदाचा उल्लेखहि नाहीं. दगड साधा व ओबडधोबड असावा, म्हणजे त्याच्या किमतीच्या लोभानें कोणी तो फोडणार नाहीं, अशीहि सूचना होती. पण लोक आले ते भक्तीनें, आणि आठवण म्हणून त्याचे टवके काढून नेऊं लागले! अखेर १८८३ सालीं नवा स्तंभ उभारावा लागला.

जेफर्सनच्या मागें एक लाख डॉलरांहून अधिक कर्ज राहिलें. १८२७ च्या जानेवारींत १३० गुलाम लिलांवांत काढण्यांत आले. १८३१ सालीं घर आणि जमीनहि गेली. वारसांनीं दफनभूमि तेवढी राखून ठेविली. १९१३ सालीं वंशजांनीं एक मंडळ स्थापिलें. ती भूमि आज त्या मंडळाच्या मालकीची आहे आणि सभासदांना तेथें पुरलें जाण्याचा हक्क आहे.

परंतु त्या मळ्यावर मेलेलीं माणसें एवढींच नव्हतीं. जेफर्सनच्या हयातींत ६०० हून अधिक माणसें त्याच्या मालकींत होतीं. त्यांच्यापैकीं कांहींना कोठें पुरलें, हें २००० सालच्या सुमारास संशोधकांना निश्चित कळलें. प्रेक्षकांच्या मोटारी उभ्या राहतात त्या आवाराला लागूनच झाडींत चाळिसांहून अधिक थडगीं आहेत. वरची माती तेवढी बाजूस सारून खड्ड्यांच्या खुणा पाहिल्या. अस्थींना हात लावला नाहीं. कांहीं ठिकाणीं रानांतले दगड रोंवलेले आहेत, पण त्यांवर एकहि अक्षर नाहीं.

या गुलामांपैकीं सॅली हेमिंग्ज ही जेफर्सनच्या पत्नीची सावत्र बहीण. दोघींचा पिता एकच. १९९८ सालीं डीएनए-परीक्षेंत तिच्या एका मुलाचा वंश जेफर्सनच्या पितृकुळाशीं जुळला, आणि तिच्या मुलांचा बाप जेफर्सनच, असें आज बहुतेक इतिहासकार मानतात. तिच्या वंशजांनीं मंडळाचें सभासदत्व, म्हणजेच त्या भूमींत जागा, मागितली. २००२ सालीं मंडळानें ती मागणी बहुमतानें फेटाळली. पुरावा अपुरा, हें कारण. मला हा निर्णय पटत नाहीं. ज्या भूमीचा पहिला रहिवासी मैत्रीच्या शब्दाखातर तेथें आणला गेला, तिला रक्ताचा एवढा काटेकोर पुरावा हवा व्हावा!

सॅली हेमिंग्ज १८३५ सालीं वारली. तिला कोठें पुरलें, हें कोणालाच ठाऊक नाहीं.