कमरेचा त्वचाकर्करोग

कमरेचा त्वचाकर्करोग : (धोतराचा किंवा लुगड्याचा कर्करोग). धोतर, लुगडे किंवा परकराची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी करकचून बांधल्याने कमरेला काच पडतो. तिथल्या न भरणाऱ्या जखमेत उद्भवणारा हा त्वचेचा कर्करोग. सावळ्या कातडीतील मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हापासून बचाव करते, त्यामुळे भारतात त्वचाकर्करोग एकंदरीत कमी. होतो तो पुष्कळदा जुन्या व्रणातून. भाजल्याच्या वणातून होणारा कर्करोगही याच जातीचा. अशा व्रणाला ‘मार्जोलिनचा व्रण’ म्हणतात.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये धोतराच्या कर्करोगाची नोंद केली. २०२४ मध्ये वर्धा व मधुबनी येथील डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये दोन स्त्रियांची हकिगत मांडली. त्यांतली एक परकराशिवाय लुगडे नेसणारी. तिचा रोग जांघेतल्या लसीका ग्रंथीपर्यंत पोचला होता. ‘साडीमुळे कर्करोग’ असा गवगवा मग वर्तमानपत्रांतून झाला. तो अतिरंजित होता. दोष कापडाचा नव्हे, घट्ट गाठीचा आणि तिच्या न बदलणाऱ्या जागेचा.

उदाहरणार्थ, पुणे जिल्ह्यातल्या भीमाशंकरच्या डोंगरात, आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात, महादेव कोळी समाजातल्या वयस्कर बायका लुगडे नेसतात. भातलावणीत दिवसभर वाकायचे, लुगडे ओलेच, गाठीखाली घाम. काचाची कातडी आधी काळवंडते, जाड होते, खाजते. मग भेग पडते. भेगेवर हळद दाबली जाते आणि गाठ पुन्हा तिथेच बसते. असा प्रत्येक काच कर्करोगात जात नाही, फार थोडे जातात. पण कडा उचललेली, घट्ट, फुलकोबीसारखी वाढणारी किंवा सहज रक्त येणारी जखम संशयास्पद समजावी.

निदान तुकडा तपासूनच होते. तो जखमेच्या कडेचा घ्यावा, मधल्या सडक्या भागाचा नव्हे. उपचाराचा कणा शस्त्रक्रिया. रोगट जखमेभोवतीची निरोगी दिसणारी कातडीही, साधारण एक ते दोन सेंटिमीटर, खालच्या चरबीसकट काढतात. कडा रोगमुक्त आहेत की नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली ठरते; नसतील तर पुन्हा कापावे लागते. उरलेली जागा लहान असेल तर टाके घालून मिटते, मोठी असेल तर मांडीची पातळ कातडी लावतात किंवा शेजारची कातडी वळवून घेतात. कातडी वळवण्याची ही युक्ती पुण्याला नवी नाही. कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक पुण्याजवळच्या वीटकरी जातीतल्या एका माणसाने कपाळाच्या कातडीने घडवल्याची हकिगत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने छापली होती. नाकावरचा कर्करोग काढल्यावर आजही तीच पद्धत वापरतात.

बेंबीच्या खालच्या कातडीचा रोग बहुधा जांघेत उतरतो. म्हणून जांघ चाचपणे, गाठ लागल्यास सुईने तपासणे आणि रोग असल्यास तिथल्या ग्रंथी काढणे ओघाने येते. त्यानंतर पाय सुजण्याचा त्रास राहू शकतो. काही रुग्णांना वर किरणोपचारही लागतो.

कर्करोगाच्या शस्त्रक्रिया महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याचे ससून किंवा मुंबईचे टाटा रुग्णालय गाठावे लागले, तरी पहिली तपासणी घोडेगाव, मंचर किंवा जुन्नरच्या सरकारी दवाखान्यात करून घेता येते. महिनाभरात न भरलेली कमरेची जखम तिथे दाखवावी, आणि तोवर गाठ चार बोटे वर-खाली सैल बांधावी.