आवाज आपला, मग यंत्र कोणाच्या हातात?

घोडेगावात 'पॉडकास्ट' हा शब्द काढला की तरुण पोरे हसतात. ते शहरातल्या लोकांचे काम, त्याला स्टुडिओ लागतो, महागडा माईक लागतो, असे त्यांचे म्हणणे. आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. मोबाईलमधले आवाज रेकॉर्ड करायचे साधे ॲप हे आपल्या चळवळीसाठी छपाईच्या खिळ्यांइतकेच मोलाचे यंत्र आहे. हे पटवायचे तर इतिहासात मागे जावे लागेल.

सुरुवात आपल्या तालुक्यापासून करू. घोडेगाव ज्या नेवासा तालुक्यात आहे, त्या नेवाशात इ.स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्ञानेश्वरांनी सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी उतरवून घेतले. म्हणजे मराठीचा एवढा मोठा ग्रंथसुद्धा आधी आवाजच होता; शेजारी लेखणी होती म्हणून तो टिकला. चोखोबांच्या वाट्याला काय आले? त्यांचे अभंग अनंतभट्टाने उतरवले, असे परंपरा सांगते. सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा यांचेही असेच. कोणाच्या तरी लेखणीने टिपले तेवढेच आपल्यापर्यंत आले. ज्याला अक्षरच नाकारले होते, त्याचा आवाज दुसऱ्याच्या मर्जीवर जगला.

बाबासाहेबांनी हे दुखणे ओळखले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी पाक्षिक काढले आणि त्याला नावच 'मूकनायक' दिले. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. दुसऱ्याच्या छापखान्यात आपल्याला जागा नाही, हा धडा तिथेच मिळाला. पुढे 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' अशी ओळच लागली.

१९२७ हे वर्ष पाहा. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृती जाळली. या दोन घटनांच्या मधे, २३ जुलैला मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झाले. यंत्र मुंबईत आले होते, पण ते महाडला गेले नाही. महाडची भाषणे आज आपण वाचतो, ऐकू शकत नाही. बाबासाहेबांनी १९५५ साली बीबीसीला दिलेली मुलाखत मात्र आज वस्तीतल्या प्रत्येक मोबाईलवर फिरते. आवाज साठवला गेला की सत्तर वर्षांनीही तो थेट कानाशी बोलतो, याला आणखी पुरावा कशाला?

मधल्या काळात आपल्या लोकांनी स्वतःचे रेडिओ उभे केले. भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव गेले. वामनदादा कर्डक गात हिंडले. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि भीमगीते घराघरांत पोचली. पण कॅसेटमध्ये गाणे राहिले, साधे बोलणे राहिले नाही. येसकरकी करताना आजीला काय सोसावे लागले, मेलेले ढोर ओढायचे गावाने कसे बंद केले, हे कोणी भरून ठेवले नाही.

जिथे ठेवले, तिथे इतिहासच बदलला. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायांना गाठून त्यांच्या मुलाखती घेतल्या. १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' आले आणि चळवळ फक्त पुरुषांनी केली हा समज मोडला. दुसरे काम हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांचे. त्यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९६ साली आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात, बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या टेपवर घेतल्या गेल्या. त्या आज कोणालाही ऐकता येतात. कारण ओवीबरोबर बाईचे नाव आणि गाव नोंदवले होते. नोंद नसलेला आवाज हा नुसता आवाज राहतो, त्याचा दस्तऐवज होत नाही.

आता घाई का? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात पंधरा वर्षांचा असलेला माणूस आज ऐंशीच्या पुढे आहे. महार वतन कायद्याने गेले त्या वेळची कळती माणसेही त्याच वयाची. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्या बाया सत्तरी ओलांडून गेल्या. ही माणसे आपल्या गल्लीत बसलेली आहेत आणि यंत्र आपल्या खिशात आहे. ही संधी आणखी दहा वर्षे थांबणार नाही.

काम अवघड नाही. फोन विमान मोडवर टाकावा, पंखा बंद करावा, फोन बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर ठेवावा. घोडेगावात हमरस्त्याच्या ट्रकांचा आणि कांदा मार्केटचा गोंगाट असतो; म्हणून आतली खोली निवडावी, भिंतीला गोधडी टांगली तर घुमत नाही. सुरुवातीलाच नाव, गाव, तारीख बोलून घ्यावी. प्रश्न छोटा असावा आणि उत्तर तोडू नये. एका तासाची फाईल साधारण साठ एमबीची होते. तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

पण एका गोष्टीत आम्ही तडजोड मानत नाही, ती म्हणजे संमती. आपल्या जिल्ह्याची ओळख विसरून चालणार नाही. घोडेगावाजवळच्या सोनईत १ जानेवारी २०१३ ला तीन दलित तरुणांचे खून झाले. २०१४ च्या खर्डा प्रकरणात साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. इथे बोलणे महाग पडू शकते, आणि आवाजावरून माणूस ओळखता येतो. म्हणून रेकॉर्ड करणे वेगळे आणि प्रसिद्ध करणे वेगळे. काय बाहेर जाईल, काय वीस वर्षे कुलपात राहील, हे बोलणारी बाई ठरवेल, आपण नाही. नाहीतर सच्चिदानंदबाबांच्या जागी आपण बसू आणि चोखोबा पुन्हा दुसऱ्याच्या मर्जीवर राहतील.

तोंडी पुराव्याला किंमत नाही, असे विद्वान म्हणतात. गावच्या दप्तरात आपली नोंद फक्त राबणारा म्हणून झाली. तो कागद खरा आणि राबणाऱ्याचे बोलणे खोटे, हा न्याय आम्हाला मान्य नाही. दोन्ही समोरासमोर ठेवून तपासावे. त्यासाठी आधी दुसरी बाजू शिल्लक तर राहिली पाहिजे.

येत्या चौदा एप्रिलला डीजेवर होणाऱ्या खर्चाची चर्चा होईलच. तिच्याबरोबर प्रत्येक वस्तीने एवढे ठरवावे : पाच ज्येष्ठ, पाच तास, दोन प्रती. मूकनायकाला शंभर वर्षे उलटून गेली. आता मुके राहण्याचे कारण उरलेले नाही.

जय भीम!