साखळीच्या सोयीने घडलेला इतिहास

मोटारींचा इतिहास बहुधा मोठ्या कारखान्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो, जसा वाङ्मयाचा इतिहास प्रमुख ग्रंथकारांचा म्हणून लिहिला जातो. या दोन्ही लेखनांत हौशी मंडळी तळटीपेत जातात. मोटारसायकलचे इंजिन काढून ते हलक्या चारचाकीत बसवणे हा असाच तळटीपेतला विषय. परंतु रेसच्या मोटारीचे इंजिन चालकाच्या पुढे असावे की मागे, या विसाव्या शतकातल्या मोठ्या वादाचा निकाल या तळटीपेतून लागला, हे लक्षात घेतले की तिच्याकडे पुन्हा वळून पाहावेसे वाटते.

या खटाटोपाची सुरुवात १९१०च्या सुमारास झाली. मोटार ही श्रीमंतांची वस्तू होती, आणि मोटारसायकलला पावसापाण्यात बसण्याची सोय नव्हती. इंग्लंडात एच. एफ. एस. मॉर्गन यांनी तीन चाकांच्या हलक्या गाडीला मोटारसायकलचे दोन सिलिंडरांचे इंजिन जोडले. फ्रान्समध्ये ‘बेदेलिया’ नावाच्या गाडीत दोन माणसे एकामागे एक बसत आणि गाडी चालवणारा मागे असे. या वाहनांना ‘सायकलकार’ म्हणत. १९१२ साली त्यांची व्याख्याही ठरली : वजन ३५० किलोपर्यंत आणि इंजिन ११०० सीसीपर्यंत. पुढे १९२२ साली ऑस्टिन सेव्हन ही स्वस्त आणि खरीखुरी मोटार आली, आणि काही वर्षांतच सायकलकारचा बाजार उठला.

बाजार उठला तरी नाद सुटला नाही. इंग्लंडात शेल्सली वॉल्श येथे एका चढावर वेगाच्या शर्यती होत. तिथे घरच्या शेडमध्ये बांधलेल्या, ‘स्पेशल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाड्या उतरू लागल्या. बोल्स्टर बंधूंनी १९२९ साली लाकडी सांगाड्यावर मोटारसायकलची इंजिने बसवून एक गाडी केली आणि तिचे नाव ‘ब्लडी मेरी’ ठेवले. या दोघांपैकी जॉन बोल्स्टर पुढे नामवंत मोटार-लेखक झाले आणि या गाड्यांवर त्यांनी ग्रंथच लिहिला. हस्तलिखितांवर प्रेम करणाऱ्या संशोधकाची आस्था त्यामागे आहे. ब्रिस्टलच्या डेव्हिड फ्राय आणि डिक सीझर यांनी १९३६ साली ‘फ्रायकायझरवागेन’ बांधली. हे भारदस्त जर्मन नाव म्हणजे दोघांच्या आडनावांवरची कोटी. तिचे मॉर्गनमधून काढलेले इंजिन चालकाच्या पाठीमागे होते. डेव्हिड यांचे चुलतभाऊ जो फ्राय यांनी १९४९ साली याच गाडीने शेल्सलीचा विक्रम मोडला आणि पुढच्याच वर्षी ब्लँडफर्डच्या चढावर याच गाडीत त्यांचा मृत्यू झाला. या छंदाचे कौतुक करताना ती नोंद गाळू नये.

मुख्य घटना १९४६ सालची. युद्ध संपले होते, पण ब्रिटनमध्ये पेट्रोल शिधापत्रिकेवर होते. ब्रुकलँड्सची धावपट्टी शर्यतींना कायमची बंद झाली होती आणि रेसची मोटार सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हती. ब्रिस्टलच्या हौशी मंडळींनी तोडगा काढला : पाचशे सीसीचे इंजिन, अर्थात मोटारसायकलचेच, आणि त्याभोवती ज्याने त्याने आपली गाडी बांधावी. सर्बिटनच्या गॅरेजमध्ये चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन यांनी फियाट टोपोलिनोचे पुढचे भाग दोन गाड्यांतून काढले आणि पाठीला पाठ लावून जोडले. त्यामुळे चारही चाकांना स्वतंत्र स्प्रिंगची सोय आयतीच मिळाली. इंजिन जेएपी कंपनीचे, एकाच सिलिंडरचे, अल्कोहोलवर चालणारे.

हे इंजिन कुठे बसवावे? मोटारसायकलची शक्ती मागच्या चाकाकडे साखळीने जाते. इंजिन पुढे ठेवले तर चालकाच्या बाजूने लांबलचक साखळी न्यावी लागणार. मागे ठेवले तर हातभर साखळी पुरते. म्हणून ते मागे गेले. यामागे शास्त्रीय क्रांतीचा विचार नव्हता, तेच सोयीचे होते, असे जॉन कूपर यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. इंजिन मागे ठेवणारे ते पहिलेही नव्हते; ऑटो युनियनच्या प्रचंड गाड्या १९३४पासून तशाच धावत होत्या. पण त्यामागे मोठे कारखाने आणि जर्मन सत्तेचा पैसा होता. कूपर यांच्याकडे भंगार होते.

१९४७ साली ग्रॅन्सडन लॉज या युद्धकालीन विमानतळावर पाचशे सीसीची शर्यत झाली आणि ती कूपरमधून एरिक ब्रँडन यांनी जिंकली. १९४८ साली अठरा वर्षांच्या स्टर्लिंग मॉसने अशीच एक कूपर घेतली. १९५०मध्ये या वर्गाला ‘फॉर्म्युला थ्री’ ही अधिकृत मान्यता मिळाली. मोठ्या गाड्या बांधतानाही कूपर यांनी इंजिन मागेच ठेवले. १९५८च्या अर्जेंटिनाच्या ग्रां प्रीत मॉसने अशाच गाडीतून बलाढ्य फेरारींना मागे टाकले, आणि १९५९ व १९६० ही दोन्ही जगज्जेतेपदे कूपरमधून जॅक ब्रॅबहॅम यांनी मिळवली. बैल गाडीच्या पुढे जुंपतात, मागे नव्हे, अशा अर्थाचे एन्झो फेरारींचे विधान सांगितले जाते. १९६१ साली त्यांचेही बैल मागे गेले.

यशानंतर लिहिलेल्या वृत्तांतांत हा सारा प्रवास द्रष्टेपणाचा ठरतो. समीक्षेच्या विद्यार्थ्याला हा दोष ओळखीचा असेल. विमसॅट आणि बीअर्डस्ली यांचा लेखकाच्या हेतूविषयीच्या भ्रमावरचा निबंध १९४६चाच, हा निव्वळ योगायोग. पण कूपरच्या गाडीचा अर्थ लावताना तो हाताशी असलेला बरा. त्या गाडीत जे श्रेष्ठ होते, म्हणजे हलकेपणा आणि मध्याजवळ एकवटलेले वजन, ते कोणाच्या हेतूत असल्याचे दिसत नाही. ते साखळीच्या लांबीतून आले.

आणखी एक उपकथानक नोंदवण्यासारखे आहे. जेएपीपेक्षा नॉर्टनचे मँक्स इंजिन सरस होते, पण ते सुटे मिळत नसे. मग शर्यतवाले अख्खी मोटारसायकल विकत घेत, इंजिन काढून घेत आणि उरलेली चौकट विकून टाकत. ही चौकट त्या काळातली सर्वोत्तम. त्या रिकाम्या चौकटींत कोणी ट्रायम्फची इंजिने बसवली आणि ‘ट्रायटन’ ही प्रसिद्ध संकरित फटफटी जन्मली. एका संहितेतून उचललेला उतारा मूळ संहितेलाही बदलून जातो, त्यातलाच हा प्रकार.

पन्नासच्या दशकाअखेर हा वर्ग मावळला. पुढे जपानी मोटारसायकलींची इंजिने मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेऊ लागली, तेव्हा नव्वदच्या दशकात ब्रिटनमध्ये हा नाद पुन्हा उसळला. १९९७ साली स्थापन झालेल्या रॅडिकल कंपनीने त्यावर धंदाच उभारला. सुझुकी हायाबुसाच्या रचनेवरून घडवलेल्या आठ सिलिंडरांच्या इंजिनाची तिची गाडी २००९ साली न्यूर्बुर्गरिंगची फेरी ६ मिनिटे ४८ सेकंदांत करून आली.

मात्र परकी वस्तू नव्या घरात सहज नांदत नाही. मोटारसायकलला बहुधा रिव्हर्स गिअर नसतो. तो वेगळा करून घ्यावा लागतो. क्लच दोनशे किलोंसाठी घडवलेला, आणि आता त्याला दुपटीहून अधिक ओझे ओढायचे असते. सर्वांत बारीक अडचण ऑइलची. मोटारसायकल वळणावर कलते, त्यामुळे ऑइल चेंबरच्या तळाशीच राहते. चारचाकी कलत नाही. ऑइल एका बाजूला चढते, पंप कोरडा पडतो आणि इंजिन क्षणात जाम होते. म्हणून चेंबरमध्ये आडपडदे घालावे लागतात किंवा ऑइलची टाकीच वेगळी करावी लागते. चाकणला तयार होणारे केटीएमचे ३९० इंजिन घेऊन स्पर्धेसाठी एकआसनी गाड्या बांधणाऱ्या आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही हे आडपडदे आधी घालावे लागतात.