आऊंच्या गालावरचे वण



दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आमच्या आऊंचे दोन फोटो सापडले. आऊ म्हणजे माझ्या आजेसासूबाई. एक फोटो लग्नानंतरचा, स्टुडिओत काढून जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. दुसरा बऱ्याच वर्षांनंतरचा, अंगणात जात्याशेजारी बसलेल्या, डोक्यावर पदर आणि चेहऱ्यावर सकाळचे ऊन. हा दुसरा फोटो ट्रंकेच्या अगदी तळाशी, जुन्या लुगड्याच्या घडीत होता. त्यावर बुरशीचे ठिपके आणि मधोमध आडवी घडी पडलेली. बाजारातल्या फोटोवाल्याने तो नीट करायचे जे पैसे सांगितले, ते ऐकून मी म्हटले, राहू दे, माझी मीच करते.

मुलाने कॉलेजला जाताना घरच्या कॉम्प्युटरवर 'गिम्प' नावाचा प्रोग्राम घालून दिला होता. फुकट आहे, लायसन्स नको, मुदत संपणे नाही. फुकट म्हटले की आपल्याला आधी शंका येते, म्हणून मी त्याचा जन्म कसा झाला ते शोधून वाचले. वाचून मजा वाटली.

1995 साली अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस हे दोन विद्यार्थी होते. वर्गाच्या कामासाठी ते एक भलतेच काहीतरी लिहीत होते, त्याचा फोटोंशी काही संबंध नव्हता. रात्र रात्र जागूनही ते काम जमेना. एका पहाटे सगळे कोसळले आणि दोघांनी ठरवले, हे सोडून आपण चित्रांचा प्रोग्राम करू. तोवर फोटोशॉप बाजारात येऊन पाच वर्षे झाली होती. नोल बंधूंनी केलेले ते सॉफ्टवेअर 1990 मध्ये आले, पण ते विकतचे होते. या मुलांनी केलेले 1996 च्या सुरुवातीला कुणालाही घ्या म्हणून देऊन टाकले.

त्यात एक खोट मात्र राहिली होती. खिडक्या आणि बटणे काढायला त्यांनी जो तयार संच वापरला होता, तो विकतचा होता. म्हणजे पोळी फुकट, पण ती भाजायचा तवा भाड्याचा. तेव्हा मॅटिसने तवाही घरीच घडवला. त्या संचाचे नाव जीटीके. पुढे 1997 मध्ये लिनक्सवरचा ग्नोम नावाचा अख्खा डेस्कटॉप त्याच संचावर बांधायला सुरुवात झाली. मला तर मूळ प्रोग्रामपेक्षा हीच गोष्ट मोठी वाटते. त्याच वर्षी टोर लिलक्विस्ट यांनी गिम्प विंडोजवर आणायचे काम हाती घेतले, म्हणून आज ते माझ्या टेबलावर आहे.

पुढे ती दोन्ही मुले नोकऱ्यांना लागली आणि त्यातून बाहेर पडली. मालक नाही, पगार नाही, तरी काम थांबले नाही. ज्याला जमेल त्याने हात लावला, आणि 1998 मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. त्या दोघांची एक आठवण मात्र माझ्या प्रत्येक फाइलच्या शेपटीला आहे. गिम्प स्वतःची फाइल 'एक्ससीएफ' या नावाने ठेवते, ती अक्षरे बर्कलीतल्या ज्या विद्यार्थी मंडळात ते दोघे होते त्याची आहेत. (2012 पासून नुसते 'सेव्ह' केले तर हीच फाइल होते. व्हॉट्सॲपवर पाठवायची जेपीजी हवी तर 'एक्सपोर्ट' करावे लागते. मी जाऊबाईंना तीनदा न उघडणारी फाइल पाठवली होती.)

तर काम सुरू केले. फोटो स्कॅन केला. मूळ थराला हात न लावता त्याची दुसरी प्रत वर ठेवली. हे मात्र जरूर करा, आपण हिशोबाची वही खोडण्याआधी झेरॉक्स काढतो तसेच. मग 'हील' नावाचे हत्यार घेतले. हे गिम्पमध्ये 2007 साली आले. कंट्रोल दाबून चांगल्या जागेवर क्लिक करायचे आणि मग डागावर ब्रश फिरवायचा. ते चांगल्या जागेचा पोत उचलते, पण उजेड-सावली डागाच्या आजूबाजूची ठेवते, म्हणून ठिगळ दिसत नाही. दोन दुपारींत घडी गेली, बुरशी गेली. हात बसला होता, म्हणून त्याच झपाट्यात गालावरचे, कपाळावरचे, नाकाच्या शेंड्यावरचे बारीक खड्डेही गेले. मला वाटले, बुरशीच आहे.

सणाला आत्या आल्या. या आऊंच्या लेक, वय शहाऐंशी. मी कौतुकाने फोटो पुढे केला. त्यांनी चष्मा पुसून पाहिला आणि विचारले, "ही कोण गं?"

मी म्हटले, "आत्या, आऊ आहेत!"

"साडी आईची आहे," त्या म्हणाल्या. "तोंड आईचं नाही. आईच्या तोंडावर देवीचे वण होते."

आमच्या घरात मी सत्तावीस वर्षे आहे, पण हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक असणार कसे? भिंतीवर कायम स्टुडिओचाच फोटो, आणि त्यात गाल गुळगुळीत. मग त्या फोटोकडे भिंग घेऊन नीट पाहिले. जुन्या काळी निगेटिव्ह काचेवर घेत. ती काच उतरत्या चौकटीवर ठेवून मागून उजेड घ्यायचा आणि टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावर बारीक रेघा भरायच्या. खड्ड्याची सावली निगेटिव्हवर पांढरी उतरते. तिथे शिसे भरले की छापताना गाल सपाट. ही विद्या फार जुनी आहे. म्युनिकच्या हान्फश्टेंगल यांचे नाव त्यात घेतात, 1855 च्या पॅरिसच्या प्रदर्शनाच्या संदर्भात. आपल्याकडे मुंबईत फोटोग्राफीची संस्था 1854 मध्येच निघाली होती, आणि फोटोवर हाताने रंग भरणारे चित्रकार तर गावोगाव होते. म्हणजे माझ्या आधी कुणा अनोळखी माणसाने पेन्सिलीने हेच केले होते. माझे हत्यार तेवढे नवीन.

आत्यांनी मग सांगितले. आऊ सात वर्षांच्या असताना गावात देवी आल्या. त्यांची थोरली बहीण त्यातच गेली. दोघी एका खोलीत, कडुलिंबाच्या पाल्यावर निजलेल्या, त्यातली एकच उठली.

मला राहून राहून वाटले, लस तर तेव्हाही होती. हिंदुस्थानात देवीची पहिली लस 14 जून 1802 रोजी मुंबईतच टोचली गेली, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तिथून आमच्या गावच्या त्या खोलीपर्यंत ती सव्वाशे वर्षांतही वेळेवर पोहोचली नाही. देशातली शेवटची रुग्ण मे 1975 मध्ये आसामात सापडली आणि 1980 मध्ये जगातून रोग गेल्याचे जाहीर झाले. आज आपल्या मुलींनी देवीचे वण असलेला चेहरा पाहिलेलाच नाही. मी तर होता तोही पुसत होते.

वण परत आणायचे ठरवले, तेव्हा सासूबाई मध्ये पडल्या. इतकी वर्षे त्यांनी आऊंची सेवा केलेली, त्यांचा शब्द डावलता येत नाही. त्या म्हणाल्या, "आऊंनीच तो फोटो लुगड्यात गुंडाळून तळाशी ठेवला होता. भिंतीवर लावायचा असता तर त्यांनीच लावला नसता का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आत्यांकडेही नव्हते. आठ दिवस फाइल तशीच पडून राहिली. शेवटी मी वरचा थर अर्धा खोडला, म्हणजे घडी आणि बुरशी गेलेली ठेवली आणि चेहरा खालच्या मूळ थरातला येऊ दिला. बुरशी कुठली आणि वण कुठला, हे ठरवायला आत्यांना शेजारी बसवून घेतले. त्या बोट ठेवत, "हा तिचा," "हा नाही" असे सांगत होत्या. डाव्या भुवईखालचा एक माझ्या नजरेतून सुटला होता, तोही त्यांनी दाखवला.

आता दोन्ही फोटो हॉलमध्ये शेजारी शेजारी आहेत. सासूबाई रोज पुसतात दोन्ही, पण चंदनाचा हार अजून स्टुडिओच्या फोटोलाच आहे.