बोरघाटांतील थकलेली मजुरी

कडावची माणसें कर्जतला येऊन आगगाडी पकडतात. तोच लोहमार्ग पुढें बोरघाट चढतो. तो बांधतांना फॅव्हिएल या ठेकेदाराच्या कामावर मजुरी थकली. १८५९ च्या जानेवारींत दंगा उसळला आणि मार्चमध्यें त्यानें ठेकाच सोडला. करार मोडला म्हणून दिवाणी दावा लावणें हातावर पोट असणाऱ्याला कोठून परवडावें? १८६० च्या नवव्या कायद्यानें मजुरीचे असे तंटे तांतडीनें निकालांत काढण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला दिला. पण काम टाकून जाणारा मजूरही त्याच कायद्यानें शिक्षेस पात्र ठरला! आगाऊ रक्कम घेऊन काम टाळणाऱ्या कारागिरासाठीं तर १८५९ च्या तेराव्या कायद्यांत तीन महिन्यांपर्यंत कैद होती. घाट १८६३ सालीं खुला झाला. कैदेचा तो कायदा रद्द करण्याचें विधान मात्र १९२५ सालीं झालें.