दोन लेणी आणि एक नाणे

नाशिक रोडच्या स्टेशनावर आपल्यापैकी पुष्कळजण कधी ना कधी उतरले असतील. तिथे नोटा छापण्याचा सरकारी छापखाना आहे. १९२८ पासून तिथे नोटा छापतात. खिशातली एखादी नोट काढून पाहा बरं. एका पट्टीत तिची किंमत १५ भाषांत लिहिलेली दिसेल. पण एकाच पैशावर अनेक लिप्या, ही गोष्ट या मुलखाला नवी नाही.

नाशिक रोडच्या पलीकडे, सिन्नर तालुक्यात, दारणा जिथे गोदावरीला मिळते तिथे जोगलटेंभी नावाचे गाव आहे. १९०६ साली या गावी चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी १३,००० हून अधिक. ती शक राजा नहपान याची. एका बाजूस राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे; दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि भोवती ब्राह्मी व खरोष्ठी अक्षरे. गंमत अशी की, अक्षरे ग्रीक असली तरी त्यांत लिहिलेली भाषा प्राकृत, म्हणजे इथलीच!

सुमारे १,९०० वर्षांपूर्वी सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाचा पराभव केला. साठ्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर त्याने आपली चिन्हे उमटवली आहेत. नाणी वितळवली नाहीत. जुन्यावरच नवा ठसा मारला. त्यामुळे कित्येक नाण्यांवर सातवाहनांच्या चिन्हाखालून शत्रूचा चेहरा अजून डोकावतो.

आता नदीकाठ सोडून नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर चला. लोक या लेण्यांना पांडवलेणी म्हणतात. ती आहेत बौद्ध भिक्षूंची, पण नाव पांडवांचे. असो. इथले दहाव्या क्रमांकाचे लेणे नहपानाचा जावई उषवदात याने खोदविले. हा माणूस शक. पण शिलालेखात तो ब्राह्मणांना दिलेल्या गाईही सांगतो आणि भिक्षुसंघाला दिलेले लेणेही सांगतो. भिक्षूंच्या वस्त्रांची सोय त्याने कशी केली, ते ऐका. गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणीकडे त्याने २,००० कार्षापण कायमची ठेव ठेवली, व्याज दरमहा शेकडा १. वर्षाला २४० झाले. पावसाळ्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२. हिशेब बरोबर जुळतो. लेखाची भाषाही थोडी संस्कृत, थोडी प्राकृत, अशी मिसळलेली.

तिथून थोडे चालून तिसऱ्या लेण्यात या. हे गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने, नातू पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी भिक्षुसंघाला दिले. भिंतीवरच्या लेखात ती मुलाची थोरवी गाते. त्याने शक, यवन, पल्हव यांचा नाश केला. नहपानाचा क्षहरात वंश निर्मूळ केला. चार वर्णांचा संकर थांबवला, असे ती सांगते. आता मान वर करून खांब पाहा. घंटेच्या आकाराची शीर्षे, त्यांवर प्राण्यांच्या जोड्या, मधला चौक, सभोवती भिक्षूंच्या खोल्या. हे आपण आत्ताच कुठे पाहिले? दहाव्या लेण्यात! ज्याचा वंश निर्मूळ केला म्हणून अभिमान सांगितला, त्याच्याच जावयाच्या लेण्याचा नमुना समोर ठेवून हे लेणे घडले. ‘संकर थांबवला’ ही अक्षरे कोरली आहेत, ती अशा मिश्रणाच्या भिंतीवर.

पुढे सतराव्या लेण्याचा दाता तर यवन आहे. उत्तरेकडच्या दात्तामित्री नगरचा हा गृहस्थ. त्याचे नाव इंद्राग्निदत्त, नावात दोन वैदिक देव. आणि दान बौद्ध संघाला, आईबापांच्या पुण्यासाठी.

मिश्रण नेहमी प्रेमाने होते असे मात्र समजू नका. इथे लढाया झाल्या, माणसे मेली, घराणी बुडाली. राजे आपला ठसा दुसऱ्याच्या ठशावर मारतात, तो प्रेमाने नव्हे. पण पाथरवटाला चांगला खांब शत्रूचा की मित्राचा, हा प्रश्न पडत नाही. चांगले दिसले, ते त्याने उचलले. आणि काही काळाने राजांनाही तेच करावे लागले. मुंबईजवळच्या कान्हेरीच्या एका लेखात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णी याची राणी महाक्षत्रपाची, म्हणजे शक राजाची कन्या असल्याचे लिहिले आहे. ज्यांचा नाश केला म्हणून आजी सांगत होती, त्यांच्याच जातीची सून घरात आली!

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. मुलांना सहलीला नेलेत, तर नुसते ‘पांडवांनी एका रात्रीत खोदले’ असे सांगून पुढे जाऊ नका. त्यांना आधी दहाव्या आणि मग तिसऱ्या लेण्यात उभे करा आणि सारखे काय, वेगळे काय, हे त्यांनाच शोधू द्या. उद्या कोणी येऊन ‘आपले तेवढे शुद्ध, बाकी सारे परके’ असे सांगू लागला, तर या मुलांना ते खांब आठवतील. आपले म्हणून आपण जे जपतो, त्यात परक्याचा हात किती आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असेल.